साडूंचा उठाव

डोंगरांनी पछाडलेला माणूस हिमालयाच्या पायथ्याशी जन्मला तर त्यात नवल नाही. आमचे साडू हिंगोली जिल्ह्यात जन्मले, जिथं उंच म्हणून पाहुण्याला दाखवायला मोंढ्याच्या बाजारातल्या हळदीच्या ढिगांपलीकडं फारसं काही नाही. तरीही त्यांच्याइतका डोंगरवेडा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर पाहायची इच्छाही आता उरलेली नाही. ती का उरली नाही हे सांगायला मला जड जातं. पण त्यांना हसणाऱ्यांत मी सगळ्यात पुढं होतो, आणि हसण्यावर न थांबणारा तर मी एकटाच, तेव्हा सांगायचं कामही माझ्याच वाट्याला येतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडू सरकारी मोजणीदार होते. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या वावरांत काढली. साखळी ओढायची, खुणा रोवायच्या, कुणाचा बांध किती सरकला ते सांगायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. सपाट काळ्या रानात तीस-बत्तीस वर्षं उन्हात उभं राहिल्यावर माणसाला एक तर देव दिसतो नाही तर दारू. साडूंना डोंगर दिसला. नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली असताना त्यांच्या हातात मोबाइल आला आणि त्या मोबाइलवर त्यांना जगातल्या डोंगरांची एक यादी सापडली. ती यादी उंचीची नव्हती. उंचीच्या याद्या शाळेतल्या लेकरांना पाठ असतात. ही यादी होती कोणता डोंगर आपल्या आजूबाजूच्या भुईतून स्वतःच्या बळावर किती वर आला आहे त्याची. साडूंनी त्याला मराठी शब्द काढला, ‘उठाव’, आणि त्या दिवसापासून आमच्या कुटुंबाच्या मागे तो जो लागला तो लागलाच.

उठाव म्हणजे काय हे त्यांनी मला समजावलं ते माझ्या पुतणीच्या लग्नात, भर पंगतीत. पत्रावळीवर त्यांनी भाताचे दोन ढीग रचून घेतले. एक थोरला, एक धाकटा, मध्ये बोटानं दाबून केलेली खिंड. मग वरणवाल्याला समोर थांबवून ठेवलं. “वाढ. अजून वाढ. थांबू नको रे, वाढ.” वरण चढत गेलं, द्रोण वाहून गेला, लोणचं बुडालं, शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या मामांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर ओघळ गेला. मामा उठायला लागले तसा साडूंनी त्यांना एका हातानं खाली दाबलं आणि ओरडले, “सुटला! सुटला! बघा पाव्हणे, खिंड बुडाली अन् धाकटा थोरल्यापासून सुटला. आता त्याचं बेट झालं. इथून त्याच्या शेंड्यापर्यंत जेवढं वर उरलं तेवढं त्याचं स्वतःचं. तोच त्याचा उठाव. खालचं सगळं थोरल्याचं, उसनं.” पंगत हसली, मीही हसलो. मग त्यांनी माझ्याकडं पाहून, अगदी सहज, भात कालवता कालवता म्हटलं, “माणसाचंबी तसंच हाय. आता तुमचं औषधाचं दुकान. जागा वडलांची, लायसन वडलांचं, गिऱ्हाईक वडलांचं. वरण कुठवर चढवायचं ते तुमीच ठरवा.” पंगत पुन्हा हसली. या वेळी मी हसलो नाही.

त्यांना डोंगरांच्या बाबतीत भीडभाड अशी नव्हतीच. एव्हरेस्टचं नाव कुणी काढलं तर ते तोंड वाकडं करत. “त्याच्याहून उंच कोणी न्हाईच, मग त्याला काय मोजायचं? गावच्या पाटलाला गावात मान असणारच.” के-टू जगात दुसरा म्हणून कुणी सांगू लागलं की ते त्या माणसाच्या जवळ सरकून, एखाद्या घरची बाहेर न बोलण्यासारखी गोष्ट सांगावी तसं हळूच सांगत, “उठावात बाविसावा हाय तो.” एकदा त्यांनी मला मोटारसायकलवर बसवून वाशिमच्या बाजूला नेलं. उघड्या माळावर एका ठिकाणी गाडी उभी केली आणि बाटलीतलं पाणी पायाच्या अलीकडं थोडं, पलीकडं थोडं ओतलं. “हे पाणी गोदावरीला चाललं अन् हे तापीला. दक्षिणेतल्या अनाइमुडीवरून निघून एकबी नदी न ओलांडता हिमालयाकडं जायचं तर याच धारेनं जावं लागतं. वाट आपल्या दारावरून जाती, पाव्हणे, अन् आपल्याला ठाऊक न्हाई.” पाणी दोन्हीकडं जागच्या जागी जिरलं. वैशाखातली भुई ती. साडू मात्र ते दोन्ही ओले डाग वाळेपर्यंत बघत उभे होते, आणि मी गाडीच्या सावलीत बसून ही गोष्ट दुकानात कशी रंगवून सांगायची याची जुळवाजुळव करत होतो.

त्या अनाइमुडीलाही ते जाऊन आले. अक्काला सांगितलं, मुन्नारला फिरायला जाऊ. लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवऱ्याच्या तोंडून ‘फिरायला’ हा शब्द ऐकून अक्कानं दोन नवी लुगडी घेतली, गल्लीत सगळ्यांना सांगितलं. तिथं गेल्यावर कळलं की डोंगर राखीव जंगलात आहे, शेंड्यापर्यंत कुणाला जाऊ देत नाहीत. साडू तीन दिवस फाटकाशी जाऊन बसले. पहारेकऱ्याला मराठी येत नव्हतं, साडूंना मल्याळम. दोघांनी एकमेकांना आपापल्या भाषेत सगळं समजावून सांगितलं आणि दोघेही आपापल्या जागी राहिले. अक्का परत आल्यावर माझ्या बायकोजवळ म्हणाली, “लोकं बायकोचे फोटो काढून राहिले होते. ह्यांनी माझा एकबी काढला न्हाई. त्या डोंगराचे मात्र मोबाइल भरून काढले, अन् तोबी मेला सगळ्या फोटोंत ढगातच.” माझी बायको हे सांगताना हसली, मीही हसलो. अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं ते आम्हाला नंतर आठवलं. आमच्या घरात पुष्कळ गोष्टी नंतरच आठवतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपण किलिमांजारो चढणार. यादीत चौथा. दोर लागत नाही, खिळे लागत नाहीत, चालत चढायचा. “त्याच्यावरून उतरून त्याच्याहून उंच डोंगराकडं जायचं म्हणलं तर पार सुएझच्या कालव्यापर्यंत खाली यावं लागतं. म्हणजे जवळपास समुद्राला पाय लावून यायचं. जवळजवळ अख्खा डोंगर स्वतःचा! कुणाचं उसनं न्हाई!” हे सांगताना त्यांचा आवाज असा भरून येई की जणू त्या डोंगरानं पोटाला चिमटा घेऊन शिक्षण केलं आणि कलेक्टर झाला.

मग तयारी. हिंगोलीत माझ्या दुकानाच्या वरच चार मजली इमारत आहे, तिच्यात आमच्या ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना. साडू तिथला जिना चढायचे. अक्कानं दळण आणायला पाठवलं की ज्वारीचा डबा पाठीला बांधून आधी वीस वेळा तो जिना वर-खाली करायचे आणि मग गिरणीत जायचे. दवाखान्यातले दमेकरी रोगी कठड्याला टेकून त्यांना वाट द्यायचे. कोणी म्हातारी विचारायची, “काय हरवलं का बाबा वर?” अक्का म्हणायची, “दळण आणायला तीन तास लागतेत आमच्या घरी. गिरणी आफ्रिकेत हाय.” शनिवारी ते एस.टी.नं औंढ्याला जाऊन देवळामागचा डोंगर चढून यायचे. थंडीची सवय व्हावी म्हणून भर मे महिन्यात स्वेटर आणि माकडटोपी घालून बर्फाच्या कारखान्यात लाद्यांमध्ये तासभर बसायचे. कारखान्याच्या मालकाला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन सोसत नसेल. त्यानं माणुसकीनं सरबत पाठवलं.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आला तो प्रसंग तर मी पुढं वर्षभर दुकानात सांगत होतो. हवालदारानं विचारलं, “परदेशात काहून चालले काका?”

“डोंगर चढायला.”

“आपल्याकडं न्हाईत का डोंगर?”

“हायेत. पण उठाव न्हाई.”

हवालदारानं लिहिता लिहिता पेन थांबवलं. “कसला उठाव?”

“कसला म्हणजे? खरा उठाव तिकडंच हाय. मी लई दिवसांपासून तयारी करून राहिलो.”

“अजून कोण कोण हाय तुमच्यासंगं?”

“आपल्याकडं कोणाला कळतच न्हाई हो ते. एकट्यालाच करावा लागणार.”

हवालदार कागद मिटून उठला, साहेबांना विचारून येतो म्हणाला. शेवटी मलाच ठाण्यात जाऊन भाताचे ढीग आणि वरण समजावून सांगावं लागलं. हवालदार म्हणाला, “म्हणजे डोक्यावर परिणाम हाय, असं सांगा ना साधं.” मी हो म्हटलं. ते बोलणं सोयीचं होतं म्हणून म्हटलं. पासपोर्ट आला.

पासपोर्ट आला तसं अक्काचं तोंड उतरलं. तोपर्यंत तिला हे सगळं बर्फाच्या कारखान्यापर्यंतच जाईल असं वाटत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा दूर बंगळुरूला, वर्षातून एकदा येणारा. एका दुपारी अक्का माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिली, मग पदर सावरत काउंटरजवळ आली.

“पाव्हणे, ह्यांना थांबवा.”

“मी काय थांबवणार अक्का? माझं ऐकतेत का ते?”

“तुमचं न्हाई ऐकत. डॉक्टरचं ऐकतील. तुमच्या वरच तर बसतेत डॉक्टर. त्या आफ्रिकेवाल्या लोकांनी तब्येतीचा दाखला मागितला हाय ह्यांना. तिथंच काही तरी करा.” मग जरा थांबून म्हणाली, “तिकडं डोंगरावर काही झालं तर मला कोण सांगणार? कोणत्या भाषेत सांगणार?”

मी अक्कासाठी केलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो.

डॉक्टर सज्जन माणूस. साडूंना तपासून झाल्यावर मला आत बोलावून म्हणाले, “अहो, या माणसाच्या छातीला काहीही झालेलं नाही. माझ्यापेक्षा चांगली आहे. खोटं मी लिहून देणार नाही.”

“लिहू नका,” मी म्हणालो. “नुसतं बोला.”

बरीच वर्षं डॉक्टरांनी लिहिलेली सगळी औषधं माझ्याच दुकानातून जातात, त्यांना माझी भीड पडली. ते बोलले. छातीत थोडी कुरकुर वाटते, या वयात अशी जोखीम घेऊ नका, डोंगर आता विसरा. साडूंनी एकच प्रश्न विचारला, “गोळ्या किती दिवस?” डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “जन्मभर.” खाली येऊन मी ताकदीच्या साध्या गोळ्या वेष्टनातून काढल्या, बिननावाच्या डबीत भरल्या आणि वर चिठ्ठी लावली, रोज सकाळी एक. डबी त्यांच्या हातात देताना माझ्या मनात काय आलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या मनात आलं, चढवा आता वरण.

आयुष्यात कुणाचं न ऐकणारा तो माणूस त्या गोळीचं मात्र ऐकत गेला. पासपोर्ट जुन्या कागदांच्या ट्रंकेत गेला. दळण गिरणीवाल्याचा माणूस घरी आणून देऊ लागला. पहिले दोन महिने अक्का खूश होती. रोज काही तरी गोडधोड करायची. नवरा घरात होता, डोळ्यांसमोर होता. साडू जेवायचे आणि पडून राहायचे. चालताना छातीवर हात ठेवायची सवय लागली. माळवदाचा जिना चढायचा म्हणून त्यांनी वरची खोली सोडली, मग अंगणातली ओट्याची पायरी चढतानाही थांबू लागले. जिन्यावर ज्यांना लोक वाट द्यायचे ते आता लोकांना वाट देऊन भिंतीला चिकटून उभे राहायचे. कुणी मुद्दाम के-टूचा विषय काढला तर नुसतं म्हणायचे, “असंल बाबा दुसरा.” गावाला हसायला माणूस उरला नाही, तसा गावाला त्यांचा विसरही पडला. आपल्याकडं वेड्याला जेवढी किंमत आहे तेवढी बऱ्या झालेल्याला नाही.

मग अक्का पुन्हा दुकानात आली. या वेळी बाकावर बसलीच नाही. “पाव्हणे, ते घरात हायेत, पण न्हाईतच हो. काल मी म्हणलं, जा बाबा कुठं डोंगरावर जायचं तर. माझ्याकडं असं पाह्यलं की मला माझीच लाज वाटली.”

“मग सांगून टाकू का त्यांना खरं?”

अक्का दचकली. “न्हाई न्हाई. त्यांना कळलं मी केलं, तर माझं तोंडबी बघायचे न्हाईत. न्हाई पाव्हणे, तुमाला माझी शपथ हाय.”

त्या शपथेमागं मी दीड वर्ष लपलो. रोज दुकान उघडताना वाटायचं आज जाऊन सांगावं. दुपारी वाटायचं उद्या. खोटं बोलायला मला दहा मिनिटं लागली होती. बसून बसून साडूंचं वजन वाढलं, मग साखर निघाली, मग गुडघे गेले. एक दिवस डॉक्टरच वरून खाली आले, दुकानाच्या फळीवर हात ठेवून म्हणाले, “तुमच्या साडूंना आता खरंच जपायला पाहिजे बरं का.” एवढं बोलून गेले. त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं.

अक्का नरसीला कुणाच्या तरी घरी जेवायला गेली होती. साडू ओट्यावर खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी समोर बसलो आणि उभ्या उभ्या सांगून मोकळं व्हावं तसं सांगून टाकलं. “भाऊ, तुमच्या छातीला काहीच झालेलं नव्हतं.”

“व्हय,” ते म्हणाले. शेंगा सोलतच राहिले.

“व्हय म्हणजे?”

“ठाऊक हाय मला. तुमच्या गोळ्या खाल्ल्या पाच-सहा महिने. मग गुपचूप नांदेडला जाऊन आलो. मी मोजणीचा माणूस हाय, पाव्हणे. पहिल्या मोजणीवर भरवसा नसला की वरच्या साहेबाकडून फेरमोजणी मागून घ्यायची असती. तिथल्या डॉक्टरनं मशीनच्या पट्ट्यावर पळवलं मला. म्हणला, काका, खुशाल चढा डोंगर.”

“मग गेला काहून न्हाई?”

“येताना एस.टी.त लई तडफडलो. ठरवलं होतं, आल्या आल्या तुमच्या दुकानात यावं अन् गिऱ्हाइकांसमोर तुमची गचांडी धरावी. कळमनुरीपर्यंत तेच ठरवून राहिलो होतो. कळमनुरीला गाडी थांबली. तिथं ध्यानात आलं, तुमची गचांडी धरली की तिचं नाव निघणार. तिच्याबिगर हे तुमाला सुचणारच न्हाई.” त्यांनी सोललेले दाणे ओंजळीत घेऊन फुंकर मारली. “महिना महिना मी मोजणीवर जायचो. ती कधी जाऊ नका म्हणली न्हाई, कधी आले म्हणूनबी विचारलं न्हाई. मला वाटायचं, हिला काय, मी असलो काय अन् नसलो काय. अन् त्या बाईनं मला धरून ठेवायला एवढं मोठं खोटं केलं. मग गाडीतच ठरवलं, हिचं खोटं मोडायचं न्हाई. आता तर पायबी न्हाई राहिले. तिला सांगू नका मला ठाऊक हाय म्हणून.”

मी मान हलवली. एकाच घरातल्या दोन माणसांनी एकमेकांपासून लपवायला एकच गोष्ट माझ्याकडं ठेवायला दिली होती. उठायला लागलो तसं त्यांनी हात धरून खाली बसवलं.

“तिचं कारण मला सापडलं, पाव्हणे. तुमचं न्हाई सापडलं. तुमी काहून केलं?”

माझ्याकडं उत्तर होतं. इतकी वर्षं ते मी जपून ठेवलं होतं. मी खाली मान घालून म्हणालो, “त्या पंगतीतलं बोलणं लागलं होतं मला.”

साडूंनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घालून, वर आढ्याकडं बघून, मनापासून. मग म्हणाले, “कोणती पंगत?”

त्यांच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी टोपलीतल्या अर्ध्या शेंगा माझ्यापुढं सरकवल्या आणि आम्ही दोघं अक्का येईपर्यंत सोलत बसलो. तिनं आल्या आल्या विचारलं, “गोळी घेतली का?” साडू म्हणाले, “घेतली.” अक्कानं माझ्याकडं पाहिलं, मी साडूंकडं पाहिलं, आणि साडू शेंगा सोलू लागले.

यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. अक्काला औंढ्याला दर्शनाला जायचं होतं, माझी गाडी काढता येईल का म्हणून. गेलो. दर्शन झालं. अक्कानं नारळ फोडला, बाहेर पेरू घेतले. साडू देवळाकडं पाठ करून मागच्या डोंगराकडं बघत होते. अक्काच म्हणाली, “जायचं का थोडं? जमंल तेवढं.” तिच्या आवाजात विनवणी होती आणि साडूंनी ती ओळखली. आम्ही तिघं निघालो. पायवाट सुरू होऊन थोडी चढली, एक वळण आलं, तिथं एका मोठ्या धोंड्यावर साडू बसले ते बसलेच. गुडघा दोन्ही हातांनी दाबत म्हणाले, “माझं झालं. तुमी जा वर.”

“मी? मी काय करू वर जाऊन?”

“जा तर.”

डोंगर काही मोठा नाही. पण काउंटरमागं आयुष्य काढलेल्या माणसाला तो पुरेसा आहे. झुडपं धरत, चार वेळा बसत मी वर पोचलो. वर वारं होतं, वाळलेलं गवत होतं, खाली देवळाचं शिखर आणि पलीकडं काढणी झालेली रानं. मी एका सपाट खडकावर उभा राहिलो आणि खाली पाहिलं. अक्का पेरूच्या फोडी करत असावी, मान खाली होती. साडू उठून उभे राहिले होते. मला वाटलं, हात हलवून बोलावतायत. मीही हात हलवला. पण त्यांचा हात बोलावत नव्हता. अर्धं आयुष्य ज्यांनी मोजणीची झेंडी धरून उभ्या माणसाला दुरून हाताच्या इशाऱ्यावर वावरभर फिरवलं, त्यांचा तो हात होता. ते मला डावीकडं सरकायला सांगत होते.

मी सरकलो. अजून, हात म्हणाला. मी अजून सरकलो, बोरीच्या काट्यात शिरलो, पँट अडकली. अजून थोडं. मग हात थांबला, इतका-इतका करत अंगठ्याएवढा मागं आला, आणि शेवटी दोन्ही हात वर जाऊन एकदम खाली आले. बस. तिथंच.

मी पायांकडं पाहिलं. गवताखाली एक धोंडा होता, मघाच्या खडकापेक्षा वीतभर उंच. डोंगराचा खरा शेंडा तो होता. माझा मी चुकीच्या जागी उभा राहून आलो असतो, आणि कुणाला कळलंही नसतं.

खाली साडू परत धोंड्यावर बसले. अक्कानं त्यांच्या हातावर पेरूची फोड ठेवली, ती त्यांनी न बघता तोंडात टाकली. ते वरच बघत होते. ऊन चढत होतं, उतरायला हवं होतं. पण त्यांनी मला मोजणीच्या खुणेसारखं नेमकं बसवलं होतं, आणि तिथून हलायची माझी छाती होत नव्हती.